घरातल्या माणसाची हरकत

खुर्ची मागे झुकली तसा कप्तानाचा शर्ट वर सरकला आणि पट्ट्यापाशी तिला पिस्तूल दिसलं. आधी तिला ते मोबाइलचं कव्हर वाटलं. पन्नाशीपुढचे पुरुष पट्ट्याला काय काय अडकवून फिरतात याला काही धरबंध नसतो. मग मूठ दिसली, काळी, खरखरीत, हाताला बसावी म्हणून मुद्दाम खाचा पाडलेली. तोवर भुलीची सुई त्याच्या हिरडीशी पोचली होती. हात थांबला नाही. इतक्या वर्षांत तिच्या हाताला स्वतःची वेगळी अक्कल आली होती, आणि डोकं ठिकाणावर नसलं तरी तो आपलं काम उरकत असे. सुई आत गेली. कप्तानाने डोळे मिटले आणि त्याचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठून कमरेपाशी गेला. कळ लागली की माणसाचा हात कुठे जातो हे तिला पाठ होतं. कोणी दांडा आवळतं, कोणी तिचंच मनगट धरतं, कोणी स्वतःचा एक हात दुसऱ्याने दाबून ठेवतं. शाळेचे एक कडक मुख्याध्यापक दर वेळी स्वतःच्या टायला लोंबकळत. कप्तानाचा हात पिस्तुलाच्या मुठीवर जाऊन थांबला. मदतनीस बाईने मास्कच्या वरून तिच्याकडे पाहिलं. तिने सुई हळूच बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवली. ट्रे जरासा वाजला.

“कप्तान, कमरेला काय आहे?”

“काय? हे होय!” त्याने डोळे उघडले. “सवय झालीय हो वहिनी. घरातून निघताना चष्मा, पाकीट, हे. लक्षातही राहत नाही.”

“भरलेलं आहे?”

“मग रिकामं घेऊन काय करू, चोराला दाखवायला?” तो हसला, पण ओठाची एक बाजू बधिर व्हायला लागली होती त्यामुळे हसू अर्ध्यावरच राहिलं.

कप्तान तिच्या नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र. व्हॉलीबॉलच्या संघाचा तेव्हाचा कप्तान. संघ कधीच विस्कटला, पदवी तेवढी राहिली. आता त्याचं टाइल्सचं दुकान होतं आणि तो त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर एकटा राहत होता. मनाने चांगला. कोणाचं सामान वर चढवायचं असो की मध्यरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, पहिला हजर. त्याच्या चांगुलपणाला आवाज मात्र फार होता. तिने त्याला ते बाहेर काढायला लावलं. त्याने काढलं, गोळ्यांची पेटी खटकन वेगळी केली, दोन्ही आपल्या बॅगेत टाकलं आणि बॅग पायांशी ठेवली. मदतनीस बाई बॅगेला वळसा घालून सिंकपाशी गेली, आणि मग दिवसभर त्या जागेला वळसा घालूनच चालत राहिली, कप्तान निघून गेल्यावरसुद्धा.

भूल चढेपर्यंत बोलायला त्याला मोकळीक होती आणि ती त्याने पुरेपूर वापरली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना चोरांनी टेलिफोनच्या वायरने खुर्चीला बांधलं, आजी शेजारच्या खोलीत तोंड दाबून बसल्या, आणि पोलीस कधी आले? सगळं आटोपल्यावर, चहा पिऊन. आपलं रक्षण आपण करायचं नाही तर कोणी? हक्क आहे तो. “आणि आता हा नवा नियम काढलाय. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं बसवून विचारणार, तुमची काही हरकत? आज बायको, उद्या सासू, परवा भांडीवाली. मी एकटा म्हणून सुटलो, नाहीतर आमच्या हिने जिवंतपणी मला साधी काठी घेऊ दिली नसती.” मग एकदम आवाज खाली आणून तो म्हणाला, “तुम्ही मात्र उद्या हरकत नाही म्हणून सरळ सांगून टाका. मी जामीन राहिलोय तुमच्या नवऱ्याच्या परवान्यासाठी.”

“उद्या?”

“उद्या सकाळी येणार ना ती चौकशीवाली बाई? त्याने सांगितलं नाही तुम्हाला?”

तिने “सांगितलंय की” म्हटलं आणि ड्रिल सुरू केलं. दाढ किडलेली होती, आतपर्यंत. तिने ती नीट साफ केली, औषध भरलं, चावून बघायला लावलं. सगळं व्यवस्थित झालं आणि त्यातलं काहीच तिला नंतर आठवेना.

संध्याकाळी दवाखाना बंद करून ती नेहमीची बस सोडून चालत निघाली. रस्त्यावर माणसं होती, दुकानांचे दिवे लागत होते, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या कमरेकडे तिची नजर जात होती. जाड शर्ट, ढगळ जाकीट, पोटावर धरलेली पिशवी. एकाने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. सगळ्या शहरात गेले काही महिने हेच चाललं होतं. टीव्हीवर रोज दोन बाजूंनी माणसं बसत. एक बाजू म्हणे, प्रामाणिक माणसाचे हात बांधता आणि गुंडांना मोकळं सोडता. दुसरी म्हणे, शस्त्रं वाढली की गुंडही वाढतात. ती भाजी चिरता चिरता दोघांचं ऐके आणि दोघांचंही पटे. आजोबांच्या मनगटावरचे वायरचे वळ तिने स्वतः पाहिले होते. त्यानंतर ती दाराची कडी तीनतीनदा बघायची. कप्तान मूर्ख नव्हता. पण दोन्ही बाजूंची माणसं फक्त चोराबद्दल बोलत. चोर आयुष्यात एकदा येईल, न येईल. उरलेले सगळे दिवस पिस्तूल घरातच असणार, कपाटात, आणि घरात असणार घरचीच माणसं. दुपारी घरात एकटं असलेल्या माणसाबद्दल त्या टीव्हीवर कोणी अक्षर काढत नव्हतं.

तिच्या नवऱ्याचं काम लिफ्ट तपासण्याचं. एके काळी तो लिफ्टच्या बंद दाराला कान लावून नुसत्या आवाजावरून सांगायचा की दोर कुठे घासतोय. त्याच्याबरोबर कुठे पाहुणे म्हणून जायची सोय नव्हती. यजमान दार उघडून उभे आणि हा अजून लिफ्टपाशीच. आता नव्या लिफ्ट स्वतःचं दुखणं स्वतःच कंपनीला कळवत होत्या. त्याला काढला नव्हता, सन्मानाने एका टेबलापाशी बसवला होता, आणि त्या टेबलावर हळूहळू काही येईनासं झालं होतं. दुपारीच घरी येऊ लागला तेव्हा तो म्हणाला होता, बरंच आहे, विश्रांती मिळते. तिने मान डोलावली होती. मग एका रविवारी त्याची दाढ दुखली, तिने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि आत पाहिलं. दात झिजले होते. वरचे आणि खालचे एकमेकांवर घासून सपाट झाले होते, एका दाढेला उभी चीर गेली होती. झोपेत दात खाणारी माणसं ती रोज बघायची. पण हे दात दोन वर्षांपूर्वी तिनेच साफ केले होते आणि तेव्हा ते धड होते. तिने त्याला रात्री दातांवर चढवायचं पारदर्शक कवच करून दिलं, चांगलं जाड. काही आठवड्यांत त्याने ते चावून आरपार केलं. दुसरं करून दिलं, त्याचीही तीच गत. शेजारी झोपणारा माणूस रात्रभर कशाशी तरी लढतो आणि सकाळी उठून विचारतो, डब्यात काय देतेस. तिला वाटायचं त्याला गदागदा हलवावं. ती डबा भरायची.

आणि गंमत अशी की पिस्तुलाचा अर्ज केल्यापासून तो बरा होता. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगणार काय? नवरा खुशीत आहे ही काय तक्रार झाली? कप्तानाबरोबर तो नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आला आणि त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला. शीळ घालू लागला. गळके नळ दुरुस्त केले. गॅसचं, विम्याचं, बँकेचं सगळं कुठे असतं ते तिला एकदा नीट दाखवून ठेवलं. हत्यारांची पेटी, जिला तिने हात लावला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची, ती कंपनीतल्या एका नव्या पोराला देऊन टाकली. “आता मला काय करायचीय,” म्हणाला, हसत. तिलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं, आणि मग भांडी विसळताना बरं वाटणं एकाएकी अंगावर आलं होतं. पाणी चालू ठेवून ती उभी राहिली होती, बराच वेळ.

पुलावर आल्यावर तिला मामी आठवली. मुद्दाम आठवली नाही, खालच्या पाण्याला तेलाचा वास होता त्यावरून. मामा बागेची राखण करायला बंदूक ठेवायचा. सुट्टीत ती त्यांच्याकडे होती, नऊ-दहा वर्षांची, दुपारी गोष्टीचं पुस्तक घेऊन पोटावर पडलेली, आणि आवाज झाला. मामी धावत मागच्या खोलीत गेली. ओरडली नाही. थोड्या वेळाने बाहेर आली, कपाटातून बंदुकीच्या तेलाची नवी बाटली काढली, दातांनी सील तोडलं, फडक्यावर तेल ओतलं आणि फडकं नि बाटली घेऊन पुन्हा आत गेली. मग ओरडली. माणसं जमली. साफ करताना उडाली म्हणाले सगळे. पोलीस तेच म्हणाले, आई तेच म्हणाली, आणि आजही कोणी विचारलं तर सगळं आजोळ तेच सांगतं. तिने पाहिलेलं तिने कोणाला सांगितलं नाही. मामी गेली तेव्हा ती तिच्या उशाशी होती, आणि मामी तिचा हात धरून एवढंच म्हणाली होती की, त्या आठवड्यात तो फार छान वागत होता गं माझ्याशी. पुलाच्या कठड्याला तिने हात लावला तर तो गार होता. तिने हात काढून घेतला आणि भरभर चालू लागली.

घरी नवरा कपाटासमोर गुडघ्यांवर बसून टेपने खालचा कप्पा मोजत होता. “बोल्ट मागच्या भिंतीत जाईल,” तो वळूनही न बघता म्हणाला. “पेटी हलता कामा नये असा नियम आहे. ही भिंत चांगली आहे.” त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि कान दिला, पूर्वी लिफ्टला द्यायचा तसा. तो कान, त्यामागचे पांढरे झालेले केस, मानेवर नीट बसलेली कॉलर. तिला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की रागच आला.

“उद्या सकाळी येणारेत म्हणे.”

“कप्तान बोलला वाटतं. मी सांगणारच होतो.”

“मला काय विचारतील?”

“हरकत आहे का, एवढंच. पाच मिनिटांचं काम.”

“आणि असली तर?”

टेप खट्कन आत गेली. तो तसाच पाठमोरा बसून राहिला. “असली तर सांगायची,” तो म्हणाला. आवाजात काय होतं ते तिला उमगेना. चीड नव्हती. दमदाटी तर त्याच्या रक्तातच नव्हती. ती दारात उभी होती आणि तिला माहीत होतं की हाच क्षण आहे, आता खाली बसायचं, त्याच्या शेजारी, जमिनीवर, आणि विचारायचं.

“झोप लागत नाही का रे तुला हल्ली?” ती म्हणाली, आणि लगेच, “उकडतंही किती. खिडकी उघडी ठेवायला हवी.”

“हो,” तो म्हणाला. “उकडतं.”

ही तिची धंद्यातली खोड. ज्याच्या तोंडात कापूस आणि नळी आहे त्याला ती रोज विचारायची, मुलगा काय करतो, सुट्टीत कुठे जाणार, आणि उत्तर येऊ शकत नाही म्हणून उत्तरही स्वतःच द्यायची. गावी जाणार असाल, नाही का? वर्षानुवर्षं असं करून तिला तोंड मोकळं असलेल्या माणसासमोरही थांबता येईनासं झालं होतं. दमला असशील. ऑफिसात काही झालं असेल. वयच आहे आता. नवऱ्याला तिने गेल्या वर्षात असंख्य वेळा विचारलं होतं आणि एकदाही त्याला बोलायला जागा ठेवली नव्हती. आतल्या खोलीत जाऊन ती पलंगाच्या कडेवर बसली. बाहेर तो शीळ घालत होता. उद्या नाही म्हटलं तर? सगळ्या इमारतीत होईल की अमक्याच्या बायकोनेच त्याला नालायक ठरवलं. कप्तान तोंडाला येईल ते बोलेल. आणि नवरा काही बोलणार नाही, तो आणखी एक पायरी आत जाईल आणि तिथून तिला दिसेनासा होईल. ती मनोविकारांची डॉक्टर थोडीच होती? दात झिजले म्हणून माणसाचा परवाना अडवायचा, याला काही अर्थ आहे? आणि हो म्हटलं तर? तिने डोळे मिटले की तिला बाटलीचं सील तोडणारे मामीचे दात दिसत.

सकाळी पोलीस खात्याकडून चौकशीला आली ती जाड चष्म्याची, गुडघ्यांनी त्रासलेली बाई होती. लिफ्ट असूनही जिना चढून आली होती; लिफ्टची तिला भीती वाटते म्हणाली, आणि नवऱ्याने ते ऐकून इतक्या आपुलकीने तिला या इमारतीची लिफ्ट किती सुरक्षित आहे ते समजावलं की ती बाई हसली. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईने कपाटातली जागा पाहिली, त्याला चार प्रश्न विचारले आणि मग म्हणाली, “आता तुम्ही जरा घराबाहेर थांबा. दुसऱ्या खोलीत चालत नाही, बाहेरच.” तो उठला. जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त टेबलावर वाकडी झालेली बशी सरळ केली. दार लागलं.

“आपण पत्नी,” बाई म्हणाली. “आपले पती घरात शस्त्र ठेवू इच्छितात. आपली काही हरकत आहे का?” हे वाक्य बहुधा रोज म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं होतं. मग बाईने चष्मा काढून पुसला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “हे बघा, सावकाश सांगा. बहुतेक बायका इथे बसून हरकत नाही म्हणतात आणि मी दाराशी चपला घालायला लागले की माझा हात धरतात. तेव्हा मला फार अडचण होते. नवरा मारतो का?”

“छे! नाही हो.”

“पितो?”

“नाही.”

“मग?”

मग काय? घड्याळ भिंतीवर होतं, त्याचा काटा सरकताना आवाज करत नव्हता, हे घड्याळ इतकं मुकं आहे हे तिला कधी जाणवलंच नव्हतं. तळहातांना घाम आला होता. दवाखान्यात हातमोजे असतात, घाम कोणाला दिसत नाही. “काही हरकत नाही,” असं तिच्या तोंडात अगदी तयार होतं, रांगेत पुढे उभं होतं. ते बाहेर पडलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं; बाई जिना उतरली असती, तो आत आला असता, चहा झाला असता. आणि मग रोज दुपारी दवाखान्यात कोणाच्या तरी तोंडात वाकलेली असताना ती फोन वाजायची वाट बघत राहिली असती. रोज. फोन वाजला नाही तरी.

“आहे,” ती म्हणाली. “हरकत आहे.”

“कारण?”

“मला त्यांची भीती नाही वाटत. ते कोणाला मुंगी मारणार नाहीत. मला वाटतं…” बाई थांबून राहिली. तिला थांबता येत होतं. “मला वाटतं त्यांना जगायचा कंटाळा आलाय. आणि ते घरात आलं तर एखाद्या दुपारी ते जीव देतील.”

बोलून झाल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट भूक लागली. बाईने मान हलवली, जणू रोज ऐकते त्यातलंच काहीतरी ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती हे फार बरं झालं. “आम्ही त्यांना कारण कळवत नाही,” ती म्हणाली. “चौकशीत बसलं नाही, एवढंच कळतं. तुमचं नाव येणार नाही. तुम्ही घरात काहीही सांगू शकता. पण मी एक सांगू का? आम्ही फक्त परवाना थांबवतो. बाकीचं काही आमच्या हातात नसतं.” मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, चपला घातल्या, आणि या वेळी तिचा हात कोणी धरला नाही.

दाराबाहेर तो नव्हता. बाई खाली उतरून गेली, तिची पावलं एकेका पायरीवर थांबत थांबत गेली, आणि मग जिना शांत झाला. ती कठड्यावरून खाली वाकली. वर पाहिलं. लिफ्टचा दिवा विझलेला. तिला वाटलं आपण उशीर केला, आपण एक दिवस उशीर केला, आणि ती गच्चीच्या दिशेने पळत सुटली, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. वरच्या वळणावरच तो होता. कप्तानाच्या मजल्याच्या अलीकडे, खिडकीखालच्या पायरीवर, इस्त्रीच्या शर्टासकट भिंतीला टेकून बसलेला. तिला बघून तो जरा सरकला. ती बसली. श्वास लागला होता. तिला खोटं बोलता आलं असतं, बाईने वाट करून दिली होती.

“मी हरकत घेतली,” ती म्हणाली.

“हं.”

“कारण विचारलं तिने.”

“काय सांगितलंस?”

तिने सांगितलं. जसं सांगितलं होतं तसंच, जीव देतील इथपर्यंत. आणि पुढे उकडतंय, दमलायस, काहीही न जोडता गप्प बसली. हे गप्प बसणं तिला फार जड गेलं. खिडकीतून ऊन पायरीवर पडलं होतं, त्यात त्याचे दोन्ही हात होते, नखं कापलेली, स्वच्छ. खालच्या मजल्यावर कोणीतरी कुकर लावला.

“एवढं बोलायला पोलीस लागला तुला?” तो म्हणाला.

तिने उघडा पाय चपलेच्या पायामागे ओढून घेतला. “मैदानावर पहिल्यांदा हातात घेतलं ना,” तो हातांकडे बघत म्हणाला, “तेव्हा बरं वाटलं. इतकं बरं, की कशाने ते मला लगेच कळलं. त्याच क्षणी भीती वाटली.”

“मग अर्ज मागे का नाही घेतलास?”

“कप्तान जामीन राहिला होता. त्याला काय सांगायचं?” तो थांबला. “आणि वाटलं, तू नाही म्हणशील. पण तू सगळ्याला बरं म्हणत गेलीस.” आता त्याचा आवाज फुटला, आणि तिने त्याला रडताना पाहिलं, लग्नानंतर सासूबाई गेल्या तेव्हा एकदा पाहिलं होतं तसं, तोंड वाकडं करून, आवाज न करता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाच्या आत पाठ घामाने भिजलेली होती. ती रागावलेली होती, त्याच्यावर, स्वतःवर, कप्तानावर, आणि त्याच वेळी तो इथे आहे, गरम आहे, रडतोय, याने तिला हायसं वाटत होतं. डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. तो हो म्हणाला. आज, ती म्हणाली. आज, तो म्हणाला. त्याच्या होकारावर विश्वास ठेवावा की नाही हे तिला कळेना, म्हणून तिने त्याचं मनगट धरून ठेवलं.

वर दार उघडलं. कप्तान दुकानात जायला निघाला होता, हातात बॅग, गाल अजून जरासा सुजलेला. दोघांना पायरीवर बघून तो थबकला आणि लगेच हसला. “काय रे, जोडीने जिन्यात? गेली का ती बाई? काय म्हणाली? मिळतंय ना?”

तिने मनगट आणखी घट्ट धरलं. आता तो काहीतरी बोलून वेळ मारून नेईल, बघू म्हणेल, काहीतरी कागद कमी पडले म्हणेल, कप्तान सरकारला दोन शिव्या देईल, आणि सगळं पुन्हा होतं तिथे जाईल असं तिला वाटलं. नवऱ्याने बाहीने तोंड पुसलं. लपवलं नाही.

“नाही मिळत,” तो म्हणाला. “मला नकोच. आणि कप्तान, तुझं ते घरी असतं तेव्हा कपाटात असतं ना, किल्ली तू घड्याळामागे ठेवतोस.”

कप्तानाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. “हो. पण तुला काय माहीत?”

“माहीत आहे,” नवरा म्हणाला. “आजच जागा बदल. आणि नवी कुठली ते मला सांगू नकोस.”